हात ओळखण्याचा नेम: एकेका दिग्दर्शकाचे सगळे सिनेमे, आपल्या खेड्यात बसून

गळा, बाही आणि हूकपट्टी पाहून ब्लाउज कोणाच्या हातचा आहे, हे मला बहुतेक वेळा सांगता येतं. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या आमच्या गावात मी शिलाईकाम करते. आजूबाजूच्या चार गावांतल्या बायांनी शिवलेले कपडे ढिले करायला, उसवून पुन्हा शिवायला माझ्याकडे येतात, आणि उसवताना हात दिसतो. एकीची तुरपाई बारीक, पण मुंढा नेहमी घट्ट. दुसरी अस्तर सैल सोडते, कारण पहिल्या धुण्यात ते आटतं हे तिला माहीत आहे. एका कपड्यावरून हे कळत नाही. चार-पाच कपडे हाताखालून गेले की कळतं.

सिनेमाचंही असंच आहे. सुटा सिनेमा पाहिला तर तो आवडतो किंवा आवडत नाही, तेवढ्यावर गोष्ट संपते. एकाच दिग्दर्शकाचे सिनेमे त्याने केले त्या क्रमाने पाहिले की तो कुठे थांबतो, कोणाकडे जास्त वेळ पाहतो, काय दाखवायचं टाळतो, हे दिसायला लागतं. बाया चातुर्मासात नेम धरतात. कोणी एखादा पदार्थ सोडते, कोणी रोज पोथीचा अध्याय वाचते. मी दिग्दर्शकांचा नेम धरला, त्याला आता तीन वर्षं झाली. शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "एकाच माणसाचे सिनेमे कायले पायतेस वो बाई?" त्यांना ओट्यावर बसून जे सांगितलं, तेच ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी इथे नीट लिहिते.

आणि आधीच एक भीती काढून टाका. "हे शहरातल्या शिकलेल्या लोकांचं काम, आपल्याला एवढा वेळ बसवणार नाही," असं मला बऱ्याच जणींनी सांगितलं. आपण झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातली माणसं आहोत. दिवाळीनंतर वडशाच्या नाटक मंडळ्या निघाल्या की शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या गावी आपण थंडीत चादर पांघरून पहाटेपर्यंत नाटक पाहतो, आणि सकाळी बांधीवर जाताना कोणाचं काम कसं झालं यावर बोलतो. ज्याच्या अंगात ही बैठक आहे, त्याला तीन तासांचा सिनेमा जड नाही.

आधी आकडा ठरवा, आणि तो लहान ठेवा

पहिल्या वर्षी मी वहीत बारा महिने, बारा दिग्दर्शक असं लिहिलं होतं. जूनमध्ये शाळेचे गणवेश शिवायला आले, जुलैत रोवणा, म्हणजे भाताची लावणी लागली, आणि नेम तुटला. आता मी वर्षाला तीनच घेते. पहिला पोळ्यापासून दिवाळीपर्यंत, कारण रोवणा आटोपलेला असतो आणि कापणी अजून लागायची असते. दुसरा संक्रांतीपासून होळीपर्यंत. तिसरा मे महिन्यात, कारण आमच्याकडचं ऊन 45 अंशांच्या पुढे जातं आणि दुपारी तसंही कोणी घराबाहेर पडत नाही. मिरगापासून रोवणा संपेपर्यंत नेम नाही. वऱ्हाडातल्या वाचकांनी कापसाची वेचणी पाहून आपलं गणित मांडावं.

आठवड्याला एक सिनेमा पुरे. दोन सिनेमांच्या मध्ये चार-सहा दिवस गेले पाहिजेत, म्हणजे आधीचा डोक्यात मुरतो. एका रात्रीत दोन पाहिले तर दोन्हींची सरमिसळ होते. मला तरी झाली.

पहिला दिग्दर्शक: चिंधीवर टाके घाला

शिवण शिकायला आलेल्या मुलीला मी पहिल्या दिवशी चांगला कपडा देत नाही, चिंधी देते. या नेमात चिंधीचं काम ज्याचे सिनेमे मोजके आहेत असा दिग्दर्शक करतो. माझी शिफारस चैतन्य ताम्हाणे. त्यांचे पूर्ण लांबीचे दोन सिनेमे घ्या, 'कोर्ट' (2014) आणि 'द डिसायपल' (2020). 'कोर्ट'मध्ये ज्यांच्यावर खटला चालतो ते लोकशाहीर नारायण कांबळे साकारले आहेत नागपूरच्या वीरा साथीदार यांनी. ते स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते आणि 2021मध्ये गेले. 'द डिसायपल' शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या एका तरुणाचा आहे. त्याला व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचा पुरस्कार मिळाला.

एक खटल्याचा, एक गाण्याचा. वरवर काही संबंध नाही. पण दोन्ही पाठोपाठ पाहिले की लक्षात येतं, कॅमेरा लांब उभा राहतो आणि हलत नाही. माणूस रडला तरी जवळ जात नाही. न्यायालयातलं काम संपल्यावरही सिनेमा संपत नाही. वकील किराणा घेतो, घरी जातो, न्यायाधीश सहलीला जातात. 'कोर्ट'च्या शेवटी बाकावर डुलक्या घेणाऱ्या न्यायाधीशांना मुलं दचकवतात आणि ते त्यातल्या एकाला थापड मारतात. पहिल्यांदा मला हे दृश्य उगाच जोडल्यासारखं वाटलं. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा कळलं की अख्खा खटला त्या थापडेत आहे.

दोन सिनेमे म्हणजे दोन आठवडे. तेवढ्यात आपल्याला हे जमतं की नाही ते कळतं. नाही जमलं, तर नेम तिथेच सोडा, त्यात काही कमीपणा नाही.

मग आपल्या भाषेतला, आपल्या मातीतला

दुसऱ्या वेळी नागराज मंजुळे घ्या. क्रम असा: 'पिस्तुल्या' हा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा लघुपट, मग 'फँड्री' (2013), 'सैराट' (2016), 'झुंड' (2022). यातला 'झुंड' नागपूरचा आहे. झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल शिकवणारे विजय बारसे यांच्यावर तो बेतलेला आहे, आणि त्यातली पोरं बोलतात ती भाषा आपल्या कानाला घरची वाटते. म्हणून आमच्या घरी सगळ्यांना आधी 'झुंड'च पाहायचा होता. मी हट्टाने शेवटी ठेवला.

का, ते सांगते. 'पिस्तुल्या'तल्या पोराला शाळेत जायचं आहे. 'फँड्री'तला जब्या शाळेत आहे, पण शाळेजवळच त्याला घरच्यांबरोबर डुकरं पकडावी लागतात. डुक्कर हाताशी आलेलं असताना राष्ट्रगीत सुरू होतं, सगळं घर जागच्या जागी उभं राहतं आणि डुक्कर निसटतं. पुढे मेलेलं डुक्कर काठीला बांधून नेतात, तेव्हा मागच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई आणि आपल्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा आहेत. कोणी काही बोलत नाही, भिंत मागे सरकत जाते. 'सैराट'मध्ये वर्गातल्या मास्तरांच्या कानाखाली श्रीमंताचा पोरगा मारतो. आणि 'झुंड'मध्ये मास्तर स्वतःच भिंत ओलांडून पोरांकडे येतो. शाळा आणि तिच्या भिंतीची कोणती बाजू कोणाची, हा एकच धागा चारही ठिकाणी ओवलेला आहे. 'झुंड' आधी पाहिला असता तर मला ती फक्त भिंत दिसली असती.

इथे यादीतली एक चूक नक्की टाळा. 'नाळ' (2018) हा अनेक जण नागराज मंजुळेंचा सिनेमा म्हणून सांगतात. त्यात त्यांनी काम केलं आहे आणि निर्मितीही त्यांची आहे, पण दिग्दर्शक आहेत सुधाकर रेड्डी यक्कंटी, 'सैराट'चे छायाचित्रकार. पोस्टरवर सगळ्यात मोठं नाव दिग्दर्शकाचंच असतं असं नाही. 'दिग्दर्शन' या शब्दासमोर कोण आहे ते सुरुवातीच्या किंवा शेवटच्या नामावलीत वाचायचं आणि मगच यादीत लिहायचं.

यादी आणि वही

यादी शंभर पानी वहीत हाताने लिहा. विकिपीडियावर बहुतेकांची मिळते. साल, नाव, लांबी, भाषा, एवढं पुरे. लघुपट आणि माहितीपट वेगळ्या शाईने लिहा, पण वगळू नका. पुष्कळदा हात सगळ्यात स्वच्छ तिथेच दिसतो, कारण तिथे पैसाही नसतो आणि नटही नसतात.

ज्यांची यादी लांब आहे त्यांच्याबाबत हट्ट धरू नका. सत्यजित राय यांनी लघुपट-माहितीपट धरून तीस-पस्तीस कामं केली, श्याम बेनेगल यांचीही यादी लांब आहे. अशा वेळी सुरुवातीचे तीन, मधले दोन आणि शेवटचा एक घ्यायचा. सुरुवातीचे तीन सलगच हवेत. आणि ज्याला सगळे वाईट म्हणतात असा एक मुद्दाम घ्या. बिघडलेल्या शिवणीत शिवणारीने काय करायचं ठरवलं होतं ते जास्त स्पष्ट दिसतं.

जोडीने काम करणारेही असतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचे 'दोघी' (1995), 'देवराई' (2004), 'अस्तु', 'कासव' हे दोघांच्या नावावर आहेत. 'दिठी' एकट्या सुमित्राताईंचा. मी ते एकाच यादीत लिहिते आणि नावासमोर खूण करते. हा दिग्दर्शक-संच मी प्रत्येकीला सुचवते, विशेषतः ज्यांच्या घरात मनाचं आजारपण आहे त्यांना. 'देवराई'मध्ये स्किझोफ्रेनिया, 'अस्तु'मध्ये म्हातारपणी स्मृती जाणं, 'कासव'मध्ये नैराश्य. सुमित्राताई मुळात समाजकार्य शिकलेल्या. आजारी माणसाइतकंच त्याच्याभोवतीच्या, त्याला सांभाळणाऱ्या माणसाकडे त्या पाहतात. आमच्या गावात अशा माणसाला अजून बाहेरची बाधा झाली म्हणतात. 'देवराई' पाहून झाल्यावर एक बाई दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन माझ्याशी अर्धा तास आपल्या भावाबद्दल बोलली. तिने ते आधी कोणाजवळ बोललं नव्हतं.

सिनेमे आणायचे कुठून

हे थोडक्यात, कारण आज जिथे आहे ते उद्या तिथे नसतं. आधी यूट्यूबवर निर्मात्याच्या किंवा सरकारी संस्थेच्या अधिकृत चॅनेलवर शोधा. जुने हिंदी-मराठी सिनेमे आणि माहितीपट तिथे बरेच आहेत. बाकीचे कोणत्या ॲपवर आहेत ते जस्टवॉच नावाच्या संकेतस्थळावर कळतं. ॲपचे पैसे वर्षभर भरायची गरज नाही. एका दिग्दर्शकाचे चार सिनेमे एकाच ठिकाणी असतील तर त्या महिन्यापुरतेच भरा.

चोरीच्या फाइली घेऊ नका. कायद्याचं तर आहेच, पण नेमालाही त्या मारक आहेत. मला अशा एका फाइलमध्ये शेवटची वीस मिनिटं नव्हती, आणि मी तोच शेवट समजून वहीत दोन पानं लिहिली होती.

नेट संध्याकाळी सगळ्यांच्या हातात असतं, म्हणून ते अडतं. पहाटे चार ते सहा मोकळं असतं. तेव्हा वायफाय किंवा डेटावर सिनेमा ॲपमध्येच उतरवून ठेवायचा. मध्यम दर्जाचा दोन तासांचा सिनेमा माझ्या फोनवर साधारण एक जीबी घेतो, म्हणजे दिवसाच्या डेटात बसतो. वीज गेली तर फोन भरलेला असावा. आणि इअरफोन चांगला घ्या, पडदा लहान असला तरी चालेल. निम्मा सिनेमा आवाजात असतो, आणि फोनच्या भोंग्यातून तो ऐकूच येत नाही.

पाहायचं कसं

मी सुरुवातीला मशीनवर काम करता करता पाहत होते. ते चालत नाही. एकतर शिवण वाकडी जाते, नाहीतर सिनेमा. भांडी आटोपल्यावर, मुलं झोपल्यावर, फोनवरच्या सूचना बंद करून बसायचं. मध्ये थांबवायचं तर एकदाच, साधारण अर्ध्यावर.

सिनेमा संपल्यावर लगेच पहिली दहा मिनिटं पुन्हा लावा. या एका सवयीने मला सगळ्यात जास्त शिकवलं. शेवट माहीत झाल्यावर सुरुवात वेगळी दिसते, आणि दिग्दर्शकाने पहिल्याच दृश्यात काय पेरून ठेवलं होतं ते उगवलेलं दिसतं.

मग वहीत एक पान, त्याहून जास्त नाही. गोष्ट लिहू नका, ती आठवतेच. पहिलं आणि शेवटचं दृश्य काय होतं ते लिहा. सगळ्यात कमी कोण बोललं ते लिहा. आपल्या घरातही जे कमी बोलतात त्यांच्याकडे लक्ष द्यायला यामुळे मी शिकले. आणि आधीच्या सिनेमातलं काय परत आलं, ते लिहा. चांगला-वाईट, तारे, गुण हे काही नको. गुण दिले की पुढे विचार करायचं मन होत नाही.

भाषेची भिंत

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. इंग्रजी अक्षरं वाचता येतात, पण पडद्याखाली धावणारी ओळ डोळ्यांतून निसटते. म्हणून मराठी, मग हिंदी, मगच बाहेरचं, हा माझा क्रम. राय यांच्यापर्यंत जायचं तर आधी 'सद्गती' (1981) पाहा: हिंदीत आहे, तासाभराच्या आत संपतो, प्रेमचंदांच्या कथेवर आहे आणि चित्रण आपल्या शेजारच्या छत्तीसगडात झालं आहे. ओम पुरींनी फोडायला घेतलेला तो लाकडाचा ओंडका मी अजून विसरले नाही. त्यानंतर 'पथेर पांचाली' (1955), 'अपराजितो' (1956), 'अपूर संसार' (1959) या तिघांकडे जा. परभाषेतल्या सिनेमाची गोष्ट आधीच वाचून घ्या. मजा जाते असं म्हणतात, पण गोष्ट माहीत असली की डोळे खालच्या ओळीवरून वर चेहऱ्याकडे जायला मोकळे होतात.

परदेशी दिग्दर्शकांत पहिला मी इराणचे अब्बास किआरोस्तामी सांगेन, आणि इथे जरा थांबते, कारण सिनेमे क्रमानेच का पाहायचे याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

आधी त्यांचा पहिला लघुपट, 'ब्रेड अँड अ‍ॅली' (1970). रोटी घेऊन घरी निघालेला पोरगा, बोळीत कुत्रा. दहा-बारा मिनिटांचा, शब्द जवळपास नाहीतच. माझ्या लहान मुलीने तो चार वेळा पाहिला. मग 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?' (1987). अहमद नावाच्या मुलाच्या दप्तरात चुकून मित्राची वही येते. गृहपाठ वहीत लिहिला नाही तर मास्तर त्या मित्राला शाळेतून काढणार आहेत. म्हणून अहमद टेकडीवरून पलीकडच्या गावी धावत जातो, आणि मोठ्या माणसांपैकी कोणी त्याचं नीट ऐकून घेत नाही. टेकडीवरची ती नागमोडी पायवाट आणि वर एकटं झाड. एवढाच सिनेमा, पण काळजाला हात घालतो.

1990 साली त्या भागात मोठा भूकंप झाला. पुढचा सिनेमा, 'अँड लाइफ गोज ऑन' (1992), यात एक दिग्दर्शक आपल्या मुलाला गाडीत घेऊन त्या पडलेल्या गावांत निघतो, पहिल्या सिनेमातली पोरं जिवंत आहेत का ते पाहायला. आणि तिसरा, 'थ्रू द ऑलिव्ह ट्रीज' (1994), या दुसऱ्या सिनेमातलं एक छोटं दृश्य चित्रित होत असताना काय घडलं त्याचा आहे. नवरा-बायकोचं काम करणाऱ्या दोघांतला मुलगा त्या मुलीवर खरंच जीव लावून आहे, आणि ती त्याच्याशी बोलत नाही.

तिसरा आधी पाहिला तर काही कळणार नाही. क्रमाने पाहिला तर ती नागमोडी पायवाट पुन्हा दिसताच अंगावर काटा येतो. त्या वाटेवरून धावणारा पोरगा आपल्या ओळखीचा असतो, आणि मधल्या काळात तिथली किती घरं पडली ते आपल्याला माहीत असतं.

चार जणी जमवा

महिना-दोन महिने एकटीने पाहून झाल्यावर बचत गटाच्या बैठकीनंतर एखादा सिनेमा सगळ्यांसोबत लावा. आधी स्वतः पूर्ण पाहिलेलाच लावा. 'सैराट'चा शेवट किंवा बेनेगलांचा 'निशांत' (1975) लहान मुलांसमोर लावण्याजोगा नाही. सुरुवातीला बेनेगलांचाच 'मंथन' (1976) उत्तम. गुजरातच्या 5 लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये देऊन तो उभा केला. आमच्या गावात दुधाचा काटा, फॅट आणि पैसे यावरून रोजची कुरबुर असते, त्यामुळे सिनेमा संपल्यावर काय बोलायचं असा प्रश्नच आला नाही. रात्री अकरापर्यंत वाद चालला.

बोलणं सुरू करायला "कसा वाटला?" असं विचारू नका, सगळ्या "चांगला" म्हणतात. "अमुक बाई तेव्हा गप्प का राहिली?" असं विचारा. आपल्या बाया गप्प राहण्याची कारणं फार नेमकी सांगतात.

यंदा संक्रांतीपासून मी बेनेगल घेतले, तेही क्रमाने: 'अंकुर' (1974), 'निशांत', 'मंथन'. 'अंकुर'च्या शेवटी जमीनदाराच्या पोराने एका गरीब माणसाला चाबकाने मारलेलं असतं. सगळं शांत होतं, आणि एक लहान मुलगा दगड उचलून त्याच्या खिडकीवर मारतो आणि पळतो. मी जागीच उठून बसले. 'फँड्री'च्या शेवटी जब्याही दगड मारतो, फक्त तो सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे पाहणाऱ्याकडे येतो. दोघांच्या मध्ये जवळपास चाळीस वर्षं. ही नोंद करायला वहीत 'फँड्री'चं जुनं पान काढलं. पहिलं दृश्य, शेवटचं दृश्य, कमी कोण बोललं, सगळं नीट लिहिलं होतं. खाली कोपऱ्यात पेन्सिलने एक ओळ होती, ती लिहिल्याचं मला आठवतही नव्हतं: "दगड मले लागला का?"